हार्ट फेल्युअरचा पेशंट सांभाळताना या चुका टाळा

हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय रक्त नीट पंप करू शकत नसलेला पेशंट वॉर्डातल्या नर्सच्या डोळ्यांदेखत बऱ्याचदा एका रात्रीत बिघडत नाही. आधी दोन-चार दिवस वजन चढत असतं, लघवी कमी होत असते, आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून एका उशीच्या दोन झालेल्या असतात. फाइलमध्ये हे सगळं असतंही. फक्त तीन ड्युट्यांच्या नोंदी सलग कुणी वाचलेल्या नसतात.

सगळ्यात जास्त हेळसांड होते ती वजनाची. आज नाश्त्याआधी, उद्या जेवणानंतर, परवा शेजारच्या वॉर्डातल्या काट्यावर. अशा आकड्यांवरून काय कळणार? सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन घ्या. अंगात एक लिटर पाणी साठलं की काटा एक किलोने सरकतो, आणि तेव्हा पायावर सूज दिसेलच असं नाही. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली तर डॉक्टरांच्या राउंडची वाट बघू नका, लगेच कळवा.

सूज बघतानाही फसगत होते. दिवसभर झोपून असलेल्या पेशंटचं पाणी पायांत नाही, कमरेखाली माकडहाडापाशी उतरतं. कुशीवर वळवून तिथे बोटाने दाबून बघितल्याशिवाय ‘सूज नाही’ लिहू नये.

इनटेक-आउटपुट चार्टवर (अंगात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं याची नोंद) प्यायलेलं पाणी येतं. अँटिबायोटिक ज्या 100 मिली सलाइनमधून गेलं ते मात्र राहून जातं. दिवसाला तीन डोस म्हणजे 300 मिली. दिवसाला दीड लिटर पाण्याची मर्यादा असलेल्या पेशंटचा हा पाचवा हिस्सा झाला! फ्लश (सलाइनची नळी धुवायला सोडलेलं पाणी), सूप, बर्फाचे तुकडे वेगळेच. डायपर असेल तर ओल्याच्या वजनातून कोऱ्याचं वजा करा, एक ग्रॅमला एक मिली धरा. माणसं कमी असतात, ड्युटीवर दम खायला वेळ नसतो, हे खरं आहे. पण अंदाजाने भरलेला चार्ट कोऱ्या चार्टपेक्षा वाईट, कारण डॉक्टर त्याच्यावर डोस ठरवतात.

औषधांत नेहमीचा घोळ म्हणजे वरचं बीपी 96 दिसलं की बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणारं औषध) परस्पर थांबवणं. यातल्या बऱ्याच पेशंटचं बीपी मुळातच कमी असतं. चक्कर येते का, हातपाय गार आहेत का, लघवी होते का ते बघा, मग डॉक्टरांना फोन करा. डोस थांबवलाच तर हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना, कारणासकट सांगा. डिजॉक्सिन (हृदयाचे ठोके संथ करणारी गोळी) देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजा. लय अनियमित असेल तर मनगटावर ठोके कमी भरतात. 60 च्या खाली असतील तर विचारल्याशिवाय गोळी देऊ नका. फ्युरोसेमाइडने (लघवी वाढवून पाणी काढणारं औषध) रक्तातलं पोटॅशियम उतरतं, आणि ते उतरलं की डिजॉक्सिनची विषबाधा लवकर होते, म्हणून रिपोर्ट आधी बघा. फ्युरोसेमाइडचा दुसरा डोस संध्याकाळी उशिरा गेला तर पेशंट रात्रभर बाथरूमच्या वाऱ्या करतो आणि अंधारात पडतो.

डिस्चार्जच्या वेळी ‘समजलं ना?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. ‘दोन दिवसांत वजन दोन किलो वाढलं तर काय कराल?’ असं विचारा. गुडघेदुखीला घरी कोणती गोळी घेतात हेही विचारा. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असेल तर डॉक्टरांना सांगून ती बंद करून घ्या, कारण या गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात. ‘कमी सोडियमचं’ मीठ आणलंय म्हणाले तर सावध व्हा: त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम अंगात राखून लघवी वाढवणारं औषध) चालू असताना रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं.