घनाकृतीत पायथागोरस वापरताय? या चुका टाळा

६० × ४० × ३० सेंमीच्या खोक्यात ७५ सेंमीची बारीक काठी मावेल का? बरीच मुलं तळाचा कर्ण काढतात, √(३६०० + १६००), म्हणजे साधारण ७२ सेंमी, आणि ‘नाही मावणार’ म्हणून मोकळी होतात. पण काठी तळावर आडवीच ठेवायची सक्ती कुणी केली? तळाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे तिरकी घातली तर √(५२०० + ९००), म्हणजे ७८.१ सेंमी जागा मिळते. काठी आरामात मावते.

प्रमेय सगळ्यांना पाठ असतं. चुकतो तो काटकोन. कागदावर खोकं तिरकं काढावं लागतं, त्यामुळे उभी कड आणि तळाचा कर्ण यांच्यातला कोन चित्रात लघुकोन नाहीतर विशालकोन दिसतो. मुलं तो सोडून देतात आणि चित्रात जो काटकोन ‘दिसतो’ तो धरतात. पटत नसेल तर खोलीच्या कोपऱ्यात जा. फरशीवर कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे दोरी ताणा आणि दोरी व भिंतींची उभी रेघ यांना गुण्या लावून बघा. उभी कड तळाला लंब असते, म्हणून तिच्या पायथ्यातून तळावर काढलेल्या प्रत्येक रेषेला ती लंबच असते. तो त्रिकोण बाजूला वेगळा, सरळ काढा, शिरोबिंदूंना नावं द्या. निम्म्या चुका तिथेच थांबतात.

दुसरी चूक घाईची. ५२०० चं वर्गमूळ ७२.११ येतं. ते ७२ धरून पुढे गेलात तर ५१८४ + ९०० = ६०८४, आणि त्याचं वर्गमूळ नेमकं ७८! उत्तर इतकं गोंडस येतं की संशयच येत नाही. मधलं वर्गमूळ काढूच नका, ५२०० तसेच पुढे न्या.

सूचीत, म्हणजे पिरॅमिडसारख्या आकारात, ‘तिरकस उंची’ (शिखरापासून पायाच्या बाजूच्या मध्यापर्यंतचं अंतर) आणि ‘कोपऱ्यावरची कड’ (शिखरापासून पायाच्या कोपऱ्यापर्यंतची) यांची गल्लत होते. गीझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या पायाची बाजू सुमारे २३० मीटर, मूळ उंची सुमारे १४७ मीटर. तिरकस उंचीसाठी बाजूचा अर्धा भाग, ११५, घ्यायचा. उत्तर सुमारे १८७ मीटर. कडेसाठी पायाच्या कर्णाचा अर्धा भाग, सुमारे १६३. उत्तर सुमारे २१९ मीटर. त्रिकोणी बाजूचं क्षेत्रफळ काढायला १८७ लागतात, घनफळाला मात्र १४७च.

बादलीत, म्हणजे शंकूछेदात, तिरकस उंची काढताना वरच्या व खालच्या त्रिज्यांऐवजी व्यासांची वजाबाकी होते. त्रिज्या १७ व १०, उंची २४ सेंमी असेल तर √(५७६ + ४९) = २५. व्यास घेतले तर २७.८.

उत्तर पडताळायची एक चाळणी आहे: कर्ण दोन्ही बाजूंपेक्षा मोठा आणि त्यांच्या बेरजेपेक्षा लहान हवा. पिरॅमिडच्या तिरकस उंचीसाठी ११५ ऐवजी पूर्ण २३० घेतलेत तर २७३ येतात, आणि ११५ + १४७ = २६२; चूक लगेच पकडली जाते. बादलीतले २७.८ मात्र या चाळणीतून निसटतात, कारण २४ आणि ७ ची बेरीज ३१ आहे. तिथे गणितात त्रिज्या दिलीय की व्यास, हे पुन्हा वाचावंच लागतं.