मोटरच्या केबलचा जोड तापणे, टेप वितळणे: माझा अनुभव

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात पाणी चढवायची मोटर सुरू होताना नुसती घुंघुं करायची. केबलच्या जोडावरची टेप वितळून चिकट काळी झालेली. तारा पिळून टेप दोनदा गुंडाळली, पावसात पाणी शिरलं. स्क्रूचा कनेक्टर लावला, मोटरच्या थरथरीने महिन्याभरात सैल पडला. डागही दिला (सोल्डरिंग केलं), डाग संपतो तिथेच तार तुटली. जीव मेटाकुटीला आला होता.

शेवटी हे टिकलं. एमसीबी (वीज तोडणारा मेन बोर्डातला स्विच) बंद करून तारेत वीज नाही याची टेस्टरने खात्री केली. काळवंडलेलं तांबं चकचकीत तार लागेपर्यंत कापलं. हे टाळू नका, काळ्या तांब्यावर कुठलाच जोड धरत नाही. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी, आधी केबलवर सरकवली (नंतर ती जात नाही). अडीच चौरस मिमीच्या तारेला त्याच मापाचा तांब्याचा बट कनेक्टर (दोन्ही बाजूंनी तारा घालायची छोटी नळी) घेतला, त्याची दोन्ही टोकं रॅचेटच्या क्रिम्पिंग पकडीने (पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारी पकड) दाबली. साध्या पकडीने नव्हे. प्रत्येक तार ओढून पाहिली. फेज, न्यूट्रल, अर्थिंगचे जोड एकमेकांसमोर येऊ न देता मागेपुढे ठेवले. मग हॉट एअर गनने कडेला गोंद डोकावेपर्यंत स्लीव्ह शेकली.

अर्धा तास मोटर चालवून, बंद करून हात लावला. जोड गार होता.