खाडीचं मॉडेल चालवताय? या चुका टाळा

दर काही महिन्यांनी कुणीतरी लॅपटॉप उघडून मला संगणकी मॉडेलमधून काढलेलं खाडीचं ॲनिमेशन दाखवतं. लाल खारं पाणी भरतीबरोबर वर चढतंय, निळं गोडं पाणी मागे हटतंय. देखणं असतं, वाद नाही. मी एकच विचारतो, ‘खोली कुठल्या शून्यापासून मोजलीय?’ आणि गाडी तिथेच अडते.

म्हणून आधी हीच चूक. नाविक नकाशावरची खोली चार्ट डेटमपासून असते, म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. मॉडेलचं शून्य मात्र आपण बहुतेकदा सरासरी समुद्रपातळीला ठेवतो. जिथे भरती-ओहोटी मोठी, तिथे या दोन शून्यांत सहज एक-दोन मीटरचं अंतर पडतं. ते न मिळवता आकडे ग्रिडमध्ये, म्हणजे मॉडेलच्या चौकटींच्या जाळीत, ओतले की अख्खी खाडी तेवढी उथळ होते.

माझ्या एका कामात हे अंतर 2 मीटर होतं. जिथे 6 मीटर पाणी हवं तिथे मॉडेलमध्ये 4. उथळ पाण्यात भरतीची लाट रेंगाळते. घर्षण बाजूला ठेवून नुसता हिशेब केला तरी 6 मीटरला तिचा वेग सेकंदाला 7.7 मीटर, 4 मीटरला 6.3. चाळीस किलोमीटर वरच्या मोजणी-ठाण्यावर भरती वीसेक मिनिटं उशिरा यायची, तीही खुजी. कॅलिब्रेशन करणाऱ्या, म्हणजे मॉडेल मोजणीशी जुळवणाऱ्या, पोराने मॅनिंगचा आकडा (तळाचा खडबडीतपणा) 0.025 वरून उतरवत 0.012 वर आणला आणि पातळीचा आलेख जवळजवळ बसला. 0.012 म्हणजे गुळगुळीत काँक्रीटचा कालवा! चिखल-वाळूच्या तळाला हा आकडा कसा, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि अहवालावर सही माझी होती.

पुढे क्षारता जुळेना. उथळ खाडीत खारं पाणी आत शिरायला कचरतं, त्यामुळे ते काही किलोमीटर अलीकडेच थांबायचं. मग विसरण गुणांक (मीठ पाण्यात किती पसरतं त्याचा आकडा) फुगवला, तेही बसलं. एका चुकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. नदीच्या पुराचा प्रवाह घातला त्या दिवशी सगळा डोलारा कोसळला. तीन आठवडे शोधाशोध केली आणि उत्तर निघालं सर्व्हेच्या नकाशाच्या कोपऱ्यात, खोलीचं शून्य सांगणाऱ्या बारीक अक्षरांतल्या एका ओळीत.

तेव्हापासून माझी सवय: ग्रिडला हात लावण्याआधी कागदावर एक उभी रेघ मारतो आणि मिळालेल्या प्रत्येक माहितीचं शून्य तिच्यावर कुठे येतं ते लिहितो. पाच मिनिटं लागतात. आणि मॅनिंग 0.02 ते 0.03च्या बाहेर न्यायला हात शिवशिवला की आधी खोली परत तपासतो.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे घाई. पाण्याची पातळी दोन-तीन दिवसांच्या रनमध्ये स्थिरावते. नवशिक्याला वाटतं, झालं, मॉडेल तयार. पण मीठ पातळीसारखं धावत नाही. ते प्रत्येक भरतीला थोडं पुढे, ओहोटीला थोडं मागे असं करत जागा धरतं. त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि नदीचा प्रवाह कमी, खाडी लांब असेल तर महिने. तोवर तुम्ही जे बघता ती खाडी नसते, तुम्हीच सुरुवातीला भरलेले आकडे असतात. मी दोन रन सोडतो, एकात सुरुवातीची क्षारता सगळीकडे 0 (गोडं पाणी), दुसऱ्यात सगळीकडे 35 (समुद्राचं पाणी). मधल्या ठाण्यावर दोन्ही आलेख एकमेकांना चिकटले की त्याआधीचं सगळं फेकून देतो. उधाण (मोठी भरती) ते भांग (लहान भरती) आणि परत उधाण हे चक्र 14.77 दिवसांचं, म्हणून तुलना उधाणाची उधाणाशीच. ‘एवढा वेळ कुठेय?’ असं विचारणारे मला महिन्याभराने परत भेटतात.

बाकीच्या थोडक्यात.

समुद्राची बाउंड्री, म्हणजे मॉडेलची समुद्राकडची कड, खाडीच्या तोंडाशी ठेवू नका. ओहोटीला बाहेर गेलेलं मचूळ पाणीच भरतीला आधी परत येतं. तुम्ही तिथे 35 ठोकून ठेवलं तर आत नको इतकं मीठ जातं. बाउंड्री समुद्रात लांब ढकला. ते जमतच नसेल तर डेल्फ्ट-थ्रीडी या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये थॅचर-हार्लेमन विलंब आहे (भरती सुरू झाल्यावर कडेची क्षारता एकदम नाही, हळूहळू चढवणारी सोय), तो वापरा.

खाली खारी पाचर आणि वर गोडं पाणी असं थरांत वाहत असेल तर खोलीची सरासरी घेणारं द्विमितीय मॉडेल ते दाखवणारच नाही.

वर्षाच्या सरासरी प्रवाहावर उन्हाळ्यातली क्षारता काढू नका.

मुख्य प्रवाहाच्या रुंदीत ग्रिडची निदान पाच-सहा घरं तरी हवीत. एकाच घराचा पाट मी तपासायलाही घेत नाही.

भरतीची नोंद स्थानिक वेळेत, वारा जीएमटीत, हेही नेहमीचंच. आलेख ठरावीक तासांनी सरकलेला दिसला की घर्षण नको, घड्याळ बघा.

आणि क्षारतेसाठी पाण्याचा नमुना बाटलीत भरला तो पृष्ठभागावरून की तळातून, ते मोजणाऱ्याला फोन करून विचारा. एक्सेल फाइलमध्ये ते लिहिलेलं मला तरी क्वचितच सापडलंय.