जुन्या ट्रॅक्टरला डिझेल कुठलं आणि कसं घ्यावं

आमच्या शेडच्या खिडकीत सरबताची एक रिकामी काचेची बाटली कायम असते. अनोळखी पंपावरून डिझेल आणलं की आधी अर्धी बाटली भरायची, बूच लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही. चांगलं डिझेल आरपार दिसतं. बाटलीमागं वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता येतात. धुरकट दिसलं तर पाणी मुरलंय, आणि तळाला वेगळा थर बसला असेल तर विचारायलाच नको. रंगावर मात्र जाऊ नका. फिकट पिवळं असो की जरा गडद, दोन्ही चांगलं निघू शकतं.

आमचा ट्रॅक्टर म्हणजे एचएमटी २५११. दोन सिलिंडर, पंचवीस हॉर्सपॉवर. अण्णांनी १९८९ साली सेकंडहँड घेतला. आता भिलवडीच्या रानात सरी सोडणं, भरणी, हळदीची ट्रॉली ओढणं एवढंच काम त्याला असतं. कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं सरकारनं २०१६ सालीच ठरवलं, त्यामुळं नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) नाहीतर एलिमेंट (पंपातला डिझेल दाबणारा दट्ट्या) गेलं की पलूस, सांगली, कोल्हापूर अशी हिंडाहिंड होते. डिझेलच्या बाबतीत मी एवढा किरकिरा झालोय तो त्यामुळं.

पहिल्यांदा आपल्या ट्रॅक्टरचा फ्युएल पंप, म्हणजे नोझलला दाबानं डिझेल देणारा पंप, कुठल्या जातीचा आहे ते बघा. आमच्याकडं त्याला सरसकट 'मायको' म्हणतात. कंपनीचं नाव बॉश झालं तरी तोंडातलं नाव जात नाही. नोझलकडं जाणाऱ्या नळ्या एका रांगेत निघत असतील तर तो इनलाइन. पंपाचं डोकं गोल असेल आणि नळ्या त्याच्याभोवती निघत असतील तर रोटरी. इनलाइनच्या कॅमला (आतले दट्टे ढकलणाऱ्या दांड्याला) इंजिन ऑइल मिळतं, त्यामुळं तो बराच सोसतो. रोटरीला आतून सगळं वंगण डिझेलचंच. रोटरीवाल्यांनी पुढचं सगळं माझ्यापेक्षा दुप्पट काटेकोर पाळावं.

आता नेहमीचा प्रश्न: हे बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या मानकाचं कमी गंधकाचं डिझेल जुन्या इंजिनला चालतं का? चालतं, आणि दुसरं मिळतही नाही. २०१० च्या सुमारास आलेल्या बीएस-३ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत ३५० भागांपर्यंत चालायचं, २०१७ ला ५० झालं, १ एप्रिल २०२० पासून १०. गंधक काढताना डिझेलचा निसरडेपणा, म्हणजे वंगणाचा गुण, जातो अशी ओरड असते, आणि ती अगदीच खोटी नाही. फक्त तो निसरडेपणा वेगळं रसायन घालून परत आणतात आणि त्याची मोजणी मानकात ठरलेली आहे. जुन्या रबरी सीलचं काम मात्र वेगळं. वर्षानुवर्षं जुन्या डिझेलात फुगून बसलेली सील नव्या डिझेलात आकसू शकतात. आमचा मायको २०२० च्या दिवाळीत झिरपायला लागला. मी घाबरलो, पण मिस्त्री म्हणाला, "दाजी, सील बदला नि गप बसा." सील बदलली, तेव्हापासून कोरडा आहे.

पंप निवडताना मी ट्रक मोजतो. ज्या पंपावर ट्रक, ऊसवाहतुकीच्या गाड्या सारख्या लागतात, तिथं टाकीत माल पडून राहत नाही. आडरस्त्याच्या पंपावर दोन पैसे उधारी मिळते हे खरं, पण तिथलं डिझेल किती दिवसांचं ते कोण सांगणार? पंपावर टँकर खाली होताना दिसला तर मी सरळ पुढं जातो, कारण टाकीचा तळ त्या वेळी ढवळलेला असतो. मिरजेच्या खालची मंडळी दर कमी असला की कर्नाटकात जाऊन भरतात. त्यात वाईट काही नाही, फक्त जायला-यायला किती जळलं ते आधी हिशोबात धरा.

शंका आली तर भांडू नका, माप मागा. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेलं ५ लिटरचं माप असतं आणि तुमच्यासमोर मोजून दाखवणं त्यांचं काम आहे. त्यात २५ मिलीपर्यंतचा फरक धरला जातो. घनताही विचारा. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर लावून, १५ अंशाला बेतून जो आकडा येतो तो पंपाच्या नोंदीतल्या आकड्यापासून ३ च्या (घनमीटरला किलो या मापात) आत असायला हवा. रॉकेल घातलं की आकडा घसरतो. बिल जपून ठेवा, त्यामागं ट्रॅक्टरचे तास लिहा.

हे सगळं करूनही मी कितीतरी वर्षं चुकलो. दर पावसाळ्यात ट्रॅक्टर चढाला खोकायचा, फिल्टरच्या वाटीत पाणी यायचं, आणि मी पंपवाल्यांना शिव्या घालत तीन पंप बदलले. ऑगस्ट २०१९ चा महापूर उतरल्यावर शेडमधलं बॅरल उपसलं तेव्हा तळाला बोटभर काळा शेवाळासारखा गाळ निघाला. पुराचं पाणी त्यात गेलंच होतं, पण एवढा गाळ चार दिवसांचा नव्हे. अर्धं रिकामं बॅरल उन्हात तापायचं, रात्री गार पडायचं, आत दव धरायचं, आणि पाणी नि डिझेल जिथं भेटतं तिथं जंतू वाढायचे. ज्यांना शिव्या दिल्या त्या तिघांपैकी एकाकडंच आता जातो. बाकीच्या दोघांना तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

म्हणून बॅरल सावलीत, लाकडाच्या ओंडक्यावर जरा तिरकं ठेवा आणि नळी तळापासून वीतभर वर ठेवा. शेवटची दोन लिटर ट्रॅक्टरला घालायची नाहीत. जस्ताच्या मुलाम्याचा डबा किंवा टाकी डिझेलला वापरू नका, जस्त डिझेलात उतरून नोझलला जाऊन बसतं. नरसाळ्याला बारीक जाळी हवी. धागे सुटणारं धोतराचं फडकं नको. पंधरा-वीस दिवसांपुरतंच आणा. कायद्यानं शेतकऱ्याला एकूण २,५०० लिटरपर्यंत डिझेल विनापरवाना ठेवता येतं, पण कुठल्याही भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नको. तेवढं ठेवायची गरज मला तरी कधी पडली नाही.

गावात टाकी लावून 'बायोडिझेल' म्हणून स्वस्त विकणारे येतात. एकदा मीही ४० लिटर घेतलं. वास रॉकेलसारखा, बिल नाही, आणि आठवड्यात रिटर्नची (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) रबरी नळी फुगून मऊ पडली. खऱ्या बायोडिझेलनंही जुनं रबर फुगतं, म्हणून मानकानुसार साध्या डिझेलात ते ७ टक्क्यांपर्यंतच मिसळायला मुभा आहे. शंभर टक्के बायोडिझेल जुन्या ट्रॅक्टरला नकोच, मग विकणारा कोणीही असो. रॉकेल मिसळायचा जुना सल्लाही सोडून द्या. सांगलीत डिझेल गोठेल एवढी थंडी पडत नाही.

महागडं डिझेल? टर्बोजेट किंवा तसल्या नावाचं प्रीमियम माझ्या ट्रॅक्टरला मी घालत नाही. त्यातली साफ करणारी औषधं नवीन कॉमन रेल (एकाच सामाईक नळीतून जास्त दाबानं डिझेल फवारणाऱ्या) इंजिनला उपयोगी पडत असतील; मायकोला साधं, स्वच्छ डिझेल पुरतं. टू-स्ट्रोक ऑइल टाकणारेही आहेत. त्यांचा ट्रॅक्टर, त्यांची मर्जी.

काम संपलं की संध्याकाळीच टाकी भरा, रात्रीचं दव धरायला जागा उरत नाही. सकाळी सुरू करायच्या आधी फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून कपभर सोडा, पाणी असलं तर तेच आधी येतं. टाकी तळाला लागेपर्यंत चालवू नका. एकदा नळ्यांत एअर, म्हणजे हवा, धरली की अर्धा दिवस गेला. धरलीच तर फिल्टरवरचा एअर स्क्रू सोडा, हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग नोझलकडचे नट एकेक करून ढिले करून इंजिन फिरवा. हात मात्र नळीसमोर नको. तिथलं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि लागलंच तर दवाखान्यात लगेच जावं लागतं.