हात सोडून टिपऱ्या: अंतर ठेवून खेळताना या चुका टाळा

2021ची गुलाबाई, आमच्या खान्देशातल्या पोरींचा कोजागरीपर्यंतचा गाण्या-टिपऱ्यांचा सण. आदल्या वर्षी कोरोनामुळे ती घरच्या कोनाड्यातच बसली आणि तिथूनच निघाली. या वर्षी मात्र पोरी ऐकेनात. 4 ऑक्टोबरला खेड्यातल्या शाळांचे पाचवीपासूनचे वर्ग उघडले होते, मग अंगणात टिपऱ्या का नाहीत? आम्ही मोठ्या बायकांनी मनावर घेतलं. चुन्याची फक्की आणली, दोन-दोन गजांवर, म्हणजे सहा-सहा फुटांवर खुणा मारल्या आणि एकेका खुणेवर एकेक पोरगी उभी केली. शेजारच्या आजी ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "हात सोडीसन कसं नाचानं व माय? हाई तं कवायत व्हयी गई."

पहिला दिवस खरंच कवायतीत गेला. कोजागरीपर्यंत पंधरा दिवस हातात होते. त्यात आम्ही करता येतील तेवढ्या चुका करून घेतल्या. काही पुढे कानबाईत, म्हणजे श्रावणातल्या देवीच्या सणात, लक्षात आल्या, काही शाळेच्या लेझीमवाल्यांकडून कळल्या. कुठलीही साथ आली की हेच प्रश्न नव्याने उभे राहतात, म्हणून लिहून ठेवते.

उभं राहण्याचं अंतर मोजलं, नाचण्याचं नाही

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती कागदावर कळत नाही. चोवीस जणींचा गोल सहा-सहा फुटांवर आखला तर परीघ 144 फूट, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साधारण 23 फूट. इथवर ठीक. पण आपल्या खेळात गोल कधी एका जागी थांबतो? गाण्याच्या दुसऱ्या ओळीला सगळ्या चार पावलं आत येतात, टिपरी वाजवतात, पुन्हा मागे सरतात. पाऊल दोन फुटांचं धरलं तर आठ फूट आत. तिथे गोलाचा परीघ उरतो 94 फूट आणि दोघींमधलं अंतर चार फुटांच्याही आत. म्हणजे फक्की आखून, ओरडून, पोरींना रागावून मिळवलेलं अंतर बरोबर त्या क्षणी जातं, जेव्हा सगळ्या दमात असतात आणि तोंडं समोरासमोर असतात.

आम्ही तीन दिवस "लांब राहा गं" एवढंच ओरडत होतो. चौथ्या दिवशी एका सातवीतल्या मुलीने उपाय काढला: एक-दोन, एक-दोन असे आकडे द्यायचे. पहिल्या ओळीला एक नंबरवाल्या आत, दोन नंबरवाल्या जागेवर. पुढच्या ओळीला उलटं. आतल्या बारा जणींमध्ये मग पावणेआठ फूट राहतात. शिवाय गोल फुलासारखा उघडतो-मिटतो, ते बघायलाही छान. आम्ही अजूनही तसंच खेळतो.

टिपरीची लांबीही धरा. हात आणि टिपरी मिळून माणूस दोन्ही बाजूंना बरंच पसरतं. "सहा फूट आहेत ना, मग जोडीदारणीला टिपरी पोचायला लांब काठ्या घेऊ," असं आमच्यातल्या एकीला सुचलं आणि बांबूच्या तीन-तीन फुटी काठ्या कापल्या गेल्या. पहिल्याच फेरीत एकीच्या कपाळावर टेंगूळ. लांब काठीचं टोक कुठे जातंय ते हाताला कळत नाही. त्यापेक्षा स्वतःच्याच दोन टिपऱ्या एकमेकींवर वाजवा आणि जोडीदारणीचा ठोका असतो तिथे टिपरी हवेत तिच्या दिशेने न्या, आवाज न करता. त्या रिकाम्या मात्रेला सगळ्या एकदम गप्प झाल्या की अंगावर काटा येतो.

हात काढून घेतला, बदल्यात काही दिलं नाही

हात हा नुसता हात नसतो. फेरात नवी मुलगी आली तर तिला पाऊल येत नसलं तरी चालतं. दोन्ही बाजूंचे दोन हात तिला ओढत नेतात, वळवतात, थांबवतात. हात सुटला की ती एकटी पडते. मग ती शेजारणीच्या पायांकडे बघत राहते, अर्धा ठोका मागे पडते, तिच्या मागची तिच्याकडे बघते, आणि गोलाच्या त्या बाजूला सगळा घोळ. आम्हाला वाटलं पोरींनी सराव केला नाही. तसं नव्हतं.

दोन गोष्टींनी काम झालं. पावलं नीट येणाऱ्या चार जणी गोलाच्या चार दिशांना उभ्या केल्या, म्हणजे कुठेही उभं राहिलं तरी नजरेसमोर एक जाणती असतेच. शेजारणीकडे नाही, समोर बघायचं. आणि त्या चौघींच्या पायात घुंगरू बांधले, बाकीच्यांच्या नाही. सगळ्यांच्या पायात घुंगरू असले की नुसता छमछमाट होतो, त्यातून ताल सापडत नाही.

लयही थोडी उतरवा. गोल मोठा झाला की एका ओळीत कापायचं अंतर वाढतं. जुन्याच वेगाने गाणं घेतलं तर पोरी चालत नाहीत, धावतात.

ढोलकी कडेला

अंगणात ढोलकीवाला भिंतीशी टेकून बसतो, कारण टेकायला भिंत तिथेच असते. छोट्या गोलात चालून जातं. पण आवाज सेकंदाला साधारण 340 मीटरच जातो, म्हणून लांब उभ्या असलेल्यांना ठेका जरा उशिरा पोचतो. मोठ्या गोलात ढोलकी मध्यभागी ठेवली की सगळ्यांना ठेका एकाच वेळी मिळतो, बस.

रांगेत मात्र हे फार जाणवतं. लेझीमची चोवीस जणांची रांग सहा-सहा फुटांवर उभी केली तर ती 42 मीटर होते. ढोल एका टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाला आवाज सेकंदाच्या आठव्या हिश्श्याइतका उशिरा पोचतो. जलद लयीत तो एका ठेक्याचा जवळजवळ पाव भाग. शेवटचा मुलगा मन लावून ऐकत असेल तर तो चुकणारच. बरोबर वाजवायला त्याने ढोल ऐकायचाच नाही, ढोलवाल्याची काठी बघायची. सरांनी त्या मुलाला तीन दिवस रांगेबाहेर उभं केलं होतं. रांग मधे तोडून तिचे दोन तुकडे समोरासमोर करा आणि ढोल मध्ये ठेवा.

फुगडीला ओढणी लावू नका

ही चूक माझी स्वतःची. कानबाईच्या रोटांच्या जेवणाला भाऊबंद जमले, रात्री जागरणाला फुगडी नाही म्हणजे काय, असं झालं. हात धरायचे नाहीत ना, मग ओढणीची दोन टोकं धरा, असं मीच सुचवलं. भाचीचं कोपर सोलवटलं आणि डोकं तुळशीवृंदावनापासून वीतभर अंतरावर चुकलं.

फुगडीत पंज्याला पंजा भिडलेला असतो, मनगटं गुंफलेली असतात, आणि दोघी एकमेकींच्या वजनावर मागे रेललेल्या असतात. एकीने सोडलं तर दुसरी पडते, खेळच तो आहे. ओढणी मध्ये आली की पाय लांब जातात, कापड ताणतं, घामाच्या मुठीतून सुळकन सरकतं. वेग जितका जास्त तितकी ओढ जास्त, म्हणजे ओढणी सुटते तीही ऐन वेगात. दोरीचंही तेच.

एका घरातल्या, एका ताटात जेवणाऱ्या जावा-नणंदा-मायलेकींनी हात धरून खुशाल खेळावं. बाकीच्यांना बसफुगडी आहे की! उकिडवं बसून एकेक पाय पुढे टाकायचा, कोणाचा हात लागत नाही. साठीच्या काकू त्यात पोरींना हरवतात.

हातांवर पहारा, तोंड मोकळं

आमच्याकडे सॅनिटायझरची बाटली ओट्यावर होती, टिपऱ्या पुसायला फडकं होतं, आणि चोवीस जणी घसा ताणून गात होत्या. कोरोनासारखा आजार श्वासातून पसरतो. जितका आवाज मोठा आणि दम जास्त, तितकं तोंडातून बाहेर पडणारं जास्त. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट परगण्यात 10 मार्च 2020ला एका गायनवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. 61 जण होते, 53 आजारी पडले, दोघं दगावले. नाचाचं उदाहरण दक्षिण कोरियातल्या चेओनानचं: तिथे 12 ठिकाणच्या झुंबासारख्या नाचाच्या वर्गांशी जोडलेले 112 रुग्ण निघाले. त्यातल्याच एका ठिकाणी योगाचे सात-आठ जणांचे वर्गही चालत, त्यांच्यातलं कोणी बाधित निघालं नाही. माणसं कमी आणि दम कमी.

तेव्हा नाचणारीने गायचं नाही, गाणारीने नाचायचं नाही. आपल्याकडे याची सवय आहेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन गल्ल्यांच्या पोरी समोरासमोर उभ्या राहून गाण्यातून एकमेकींना चिडवतात, तेव्हा एक बाजू गाते आणि दुसरी ऐकते. तसे दोन छोटे गट गोलाबाहेर, वारा नाचणाऱ्यांकडून येईल अशा बाजूला ठेवा. खेळ उघड्यावर ठेवा, मंडपाला कनाती लावू नका. मोठा स्पीकर लावाल तर गाणाऱ्या त्याच्यावरून ओरडतील, म्हणून तो नकोच. खरी पावरी वाजवणारा असेल तर तोही वाऱ्याच्या खालच्या बाजूला. ते फुंकायचं वाद्य आहे. (लग्नात कीबोर्डवर वाजते त्या पावरीला अर्थातच हा नियम नाही.)

पदर तोंडावर घेतला म्हणजे मास्क झाला असं नाही; हात वर गेला की पदर खाली. खरा मास्कही घामाने ओला झाला की श्वास घ्यायला जड जातो आणि पोरी तो हनुवटीवर ओढतात. दोन-तीन गाण्यांनंतर थांबा, बदला. उन्हाळ्यात तर जळगाव-भुसावळच्या उन्हाला दिवस मावळल्याशिवाय सुरूच करू नका.

साथ कुठली ते आधी बघा

2023च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली तेव्हा आम्ही हुशारीने पुन्हा मास्क लावले, फक्की आखली, आणि टिपऱ्या मात्र एकाच टोपलीतून वाटल्या. डोळ्यांच्या साथीला हात आणि वस्तू महत्त्वाच्या. तिथे गा हवं तेवढं, पण टिपरी ज्याची त्याची, रुमाल ज्याचा त्याचा, आणि डोळे लाल असणारी घरी.

सातपुड्यात फक्की घेऊन जाऊ नका

अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी, मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या (नवसाचे नाचणारे), हे सगळं बघून कोणाला तरी तिथेही खुणा आखायची हौस येते. तो कार्यक्रम नाही, नवस आहे. नाचणारे पाळणी, म्हणजे व्रताचे नियम, पाळून आलेले असतात. साथीत तिथे काय कमी करायचं ते त्यांचे पाड्यावरचे जाणते ठरवतील. बाहेरच्याने करण्यासारखं एकच: बघायला न जाणं. गर्दी बहुतेक आपलीच असते.

व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी मिळून टिपऱ्या वाजवायचा प्रयत्न करू नका. आवाज प्रत्येकीकडे वेगळ्या उशिराने पोचतो. एकीचा माइक चालू, बाकीच्यांचे बंद, इतपतच जमतं.

आणि खाऊचा डबा

गोल सुटला की सगळी शिस्त सुटते, कारण आता खाऊ ओळखायचा असतो. डबा हातोहात फिरतो, प्रत्येक जण कानाशी धरून हलवते, वास घेते, चोवीस डोकी एका डब्यावर. आम्ही नाचात अंतर राखून सगळं इथे घालवत होतो. मग ठरलं, डबा फक्त घरच्या मुलीने हलवायचा, बाकीच्यांनी आपापल्या खुणेवरून ओळखायचा. सहा फुटांवरून, कोणाला तर वीस फुटांवरून ऐकायचं, म्हणून सगळ्या श्वास रोखून गप्प. शेंगदाणे खडखडतात, मुरमुरे खसखसतात, एवढं लांबूनही कळतं. शिऱ्याला आवाजच नसतो. त्या दिवशी अर्धा तास कोणाला ओळखता आला नाही.