छळाची नोंद आणि तीन महिन्यांची मुदत

कार्यालयात सतत अपमान, धमक्या किंवा मुद्दाम एकटे पाडणे सुरू असेल, तर प्रत्येक प्रसंग त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण आणि उपस्थितांच्या नावांसह वहीत लिहून ठेवावा. ‘साहेब नेहमी टाकून बोलतात’ या वाक्याला चौकशीत फारसे वजन मिळत नाही. ‘मंगळवारी सकाळी साडेदहाला, बैठकीत, चौघांसमोर, हे शब्द’ ही नोंद मात्र साक्षीदारांकडून पडताळता येते. वही घरी ठेवावी, कार्यालयाच्या खणात नव्हे.

भारतात कामाच्या ठिकाणच्या दादागिरीविरुद्ध स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही, ही मोठी उणीव आहे. परंतु वागणुकीला लैंगिक स्वरूप असेल, तर महिलांना कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे संरक्षण आहे, आणि त्यातली मुदत अनेकींच्या हातून निसटते: शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी कार्यालयातच नेमलेल्या समितीकडे, लेखी तक्रार द्यावी लागते. समिती कारणे नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नये. कर्मचारी दहापेक्षा कमी असल्यामुळे समितीच नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे जावे. तक्रारीच्या सहा प्रती, सोबतची कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यावेत.

चौकशी चालू असताना बदलीची किंवा तीन महिन्यांपर्यंतच्या जादा रजेची लेखी मागणी करता येते. रोज त्याच माणसासमोर बसावे लागणाऱ्या स्त्रीने ही मागणी तक्रारीसोबतच करावी.