जुन्या गाडीला दुसरं इंजिन बसवताय? या चुका टाळा

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात जुनी फियाट (म्हणजे प्रीमियर पद्मिनी) नाहीतर अँबॅसेडर पुन्हा रस्त्यावर आणायची हौस वाढलीय, याचा मला मनापासून आनंद आहे. त्रास होतो तो घाईचा. गाडी टेम्पोवर लादून माझ्या गॅरेजला येते, तोवर मालकानं दुसरं इंजिन घेऊन ठेवलेलं असतं. मूळ इंजिन का बंद पडलं, हे मात्र कुणी बघितलेलं नसतं.

जाम झालेलं इंजिन भंगारात काढायच्याच लायकीचं असतं असं नाही. प्लग काढा, बोअरमध्ये (पिस्टन वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या भोकात) डिझेल आणि ऑइल मिसळून सोडा, काही दिवस मुरू द्या. मग पुलीच्या नटाला पाना लावून हलक्या हातानं मागं-पुढं करून बघा. सेल्फ (स्टार्टर) अजिबात मारू नका. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन साधं आहे. बोअर झिजला तर ओव्हरसाइज पिस्टन, तेही संपले तर स्लीव्ह, म्हणजे बोअरमध्ये नवी नळी, आणि क्रँकशाफ्टला ग्राइंडिंग. कुपवाड एमआयडीसीपासून कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत ही कामं होतात. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, तरच मी दुसऱ्या इंजिनाचा विषय काढतो.

आमच्या भागात सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे न उघडता इंजिन घेणं. कृष्णेला 2005, 2019 आणि 2021 ला महापूर आला. किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलं. त्यातली इंजिनं कुठंतरी विकली गेलीच. इस्लामपूरच्या एका अण्णांनी त्यांच्या मार्क फोर अँबॅसेडरसाठी असंच एक इंजिन आणून दुसरीकडं बसवून घेतलं. वरून ताजा सिल्व्हर रंग, आवाज चांगला. सांगलीतून निघाले की आष्ट्याच्या अलीकडंच तापमानाचा काटा लालमध्ये. रेडिएटर बदलला, थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला, आणि मग गाडी माझ्याकडं आली.

“पाच मिनिटं चालवून दाखवलं होतं की त्यानं,” अण्णा म्हणाले.

हेड काढलं. तिसऱ्या-चौथ्या बोअरमध्ये, पिस्टन जिथं थांबला होता बरोबर त्या उंचीवर, गंजाचं कडं होतं. नखाला खड्डे लागत होते. ब्लॉकच्या बाजूची बुचं काढून आत स्क्रूड्रायव्हर घातला, तर वाळलेल्या गाळाचे पापुद्रे निघाले. मागच्या दोन सिलिंडरभोवती पाणी फिरायला जागाच नव्हती. पाच मिनिटांत इंजिन तापतच नाही, मग हे कळणार कसं? अण्णांचे इंजिनाचे पैसे गेले, वर तीन पार्टांचे गेले.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. आधी चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट सावकाश सैल करायचा. आत पाणी असेल तर ऑइलच्या आधी पाणीच येतं. मग हेड, चेंबर, एक मेन बेअरिंगची कॅप आणि एक रॉडची कॅप उघडून बघायची. सेल्फच्या तोंडाशी बोट फिरवायचं, तिथला गाळ धुवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. विकणारा उघडू देत नसेल तर तिथून निघायचं. स्वस्त मिळतंय म्हणून टोकन देऊन येणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, एक दिवस थांबा.

दुसरा हट्ट मोठ्या इंजिनाचा. पद्मिनीत टेम्पोचं डिझेल इंजिन बसवायचा प्रस्ताव घेऊन पोरं येतात. ती गाडी सुमारे 40 हॉर्सपॉवरसाठी बनलीय आणि तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. जड डिझेलनं पुढच्या स्प्रिंगा बसतात, चेंबर क्रॉस मेंबरला (इंजिनाखालच्या आडव्या पोलादी तुळईला) अडतो, आणि मग कुणीतरी क्रॉस मेंबरच कापायला निघतं. त्याच्यावर पुढचं सगळं सस्पेन्शन उभं आहे! शिवाय मागच्या चाकांना फिरवणारा गिअर, क्राउन-पिनियन, पेट्रोलच्या आरपीएमच्या हिशोबानं दिलेला असतो. डिझेल तेवढं फिरत नाही, त्यामुळं साठच्या वेगालाच ते ओरडायला लागतं. अशी गाडी यवतेश्वरचा घाट चढेलही, मला काळजी उतरताना ब्रेक धरतील का याची आहे. हे काम मी घेत नाही.

जुन्या अँबॅसेडरला ताकद हवीच असेल तर 1990 च्या दशकात कंपनीनंच त्या गाडीत दिलेलं 1817 सीसीचं इसुझु पेट्रोल बघा. पण त्याच्या पाच गिअरच्या बॉक्ससकट घ्या. नुसतं इंजिन उचलून आणलं की बेल हाऊसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), क्लच प्लेट आणि जॉइंट शाफ्टच्या लांबीत महिने जातात.

माउंटिंग, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे आधार, वेल्डिंगनं भागवू नका. नवीन रबरं घाला.

जुनं इंजिन नवीन बसेपर्यंत विकू नका. ब्रॅकेट, पुली, मॅनिफोल्ड, काहीतरी लागतंच.

कागदांचं काम शेवटी ठेवू नका. इंजिन नंबर आरसी बुकात असतो आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 इंजिन बदलालाही लागू आहे. आधी आरटीओत विचारा, परवानगी घ्या, बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी असेल तर जास्तच सांभाळा. 2021 च्या नियमांनी अशा गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. आजोबांची फियाट असेल तर हे इंजिन उतरवायच्या आधी वाचा.

आणि इंजिन गाडीत बसवायच्या आधी खाली स्टँडवर चालवा. रेडिएटर आणि ऑइल प्रेशरचं घड्याळ जोडून, चांगलं तापेपर्यंत. गरम झाल्यावर स्लोला (एक्सिलरेटर न दाबता) प्रेशर पडतं का, ऑइल भरायच्या झाकणातून धूर येतो का, ते बघा. दोन्ही ठीक असेल तरच इंजिन उचलायला चेन ब्लॉक लावा.